काचेवरचे बुढे

बाबुलालनं स्कॅनरचं झाकण उघडलं, काच फडक्यानं पुसली अन् म्हणाला, "ठेवा काकू रुपये. तोंड खाली करून."

सत्यभामाबाईनं हात मागं घेतला. "तोंड खाली? बुढ्यायले पालथं टाकतेत का कोणी?"

"मशीन खालून पाहते ना काकू. काचेले जे टेकन, तेच उमटन."

"मंग तुह्या मशीनलेच अक्कल नाही."

भर दुपार होती. साकोलीच्या बसस्टँडमागं बाबुलालचं झेरॉक्सचं दुकान, दोन हाताचं. दाराजवळच्या बाकावर बाई बसली होती, अन् बाजूले तिचा धाकटा पोरगा वीरेंद्र उभा. बाईच्या पदराच्या गाठीत पाच चांदीचे रुपये होते, राजाच्या मुंडीचे, हळद लावून लावून पिवळे पडलेले. यांच्या घरची रीतच तशी. मोठा माणूस गेला का त्याच्या नावाचा एक रुपया देव्हाऱ्यात बसते, तोंड वर करून. मंग तो रुपया राहत नाही, तो माणूसच होऊन जाते. सणाले पुरणाचा घास आधी त्याले. घरात जोरानं भांडायचं असलं तं आधी त्याच्यावर कपडा टाका, मंग भांडा. पाचातल्या एकाची कडा ठोकून चपटी झाली होती. तो तेजराम. वीरेंद्रचा बाप.

सानगडी गावच्या घराची वाटणी झाली, तं देव्हारा मोठ्या भावाकडं, योगेंद्रकडं गेला. वीरेंद्रनं तो मागितला नाही. त्याले बुढ्यायचा फोटो तेवढा पाहिजे होता, किरायाच्या खोलीत लावायले. मोबाईलवर काढून पाह्यला, पण चांदी अशी झळकली का तोंडाच्या जागी नुसता पांढरा उजेड.

येताना बसमध्ये त्यानं मायले इचारलं होतं, "बाबा येतीन का व माझ्या घरी?"

"त्यायले यायचं असन तं येतीन," बाई खिडकीबाहेर पाहून बोलली. "मी कोण सांगणारी?"

कारण वीरेंद्रनं प्रतिक्षाशी लगन केलं, बौद्धाच्या पोरीशी, तेव्हापासून बाप त्याच्याशी बोलला नाही. शेवटच्या दिवशी वीरेंद्र खाटेपाशी जाऊन बसला, तं बुढ्यानं भिंतीकडं कड बदलली. गेला तोही भिंतीकडंच पाहत.

बाईनं गाठ सोडली. एकेक रुपया काचेवर ठेवला, हळूच, लेकराले पाळण्यात ठेवावं तसा. सगळे तोंड वर करून. तेजराम मधात.

"आता पाठच येईन त्यायची," बाबुलाल म्हणाला. "आकडा अन् वेल. तोंड नाही दिसणार, मंग मले बोलायचं नाही."

"पाठ तं पाठ."

बाबुलालनं झाकण लावलं. उजेडाची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली. कम्प्युटरवर पाच गोल उमटले. पाचही पाठा. वेलीच्या मधात आकडा, खाली साल.

"घ्या, झाली बुढ्यायची वरात," बाबुलाल म्हणाला.

वीरेंद्र चपट्या कडेच्या रुपयाकडं पाहत राहिला. "बाबानं इथंही पाठच दाखवली," तो म्हणाला. हासायले गेला, पण हासू काही आलं नाही.

बाबुलालले कसंतरी वाटलं. "थोडा अंधुक आला. अजून एक मारतो, त्याचे पैसे नको देऊ."

झाकण कोणी उचललं नाही. पट्टी पुन्हा निघाली. मधात जाऊन थांबली. मशीन घरघरत राहिली, झाकणाच्या फटीतून उजेड बाहेर येत राहिला, अन् मंग पट्टी आपली आपणच पुढं सरकली.

कम्प्युटरवर चित्र वरून खाली उतरू लागलं. पाठ. पाठ. मंग चपटी कडा, अन् तिच्या आत तोंड. माथ्यावर हळदीचा टिकला. त्याच्यापुढं पुन्हा पाठ, अन् पाठ.

"हात लावला का बे?" बाबुलालनं इचारलं.

"नाही."

झाकण उघडायले बाबुलालचा हात काही पुढं जाईना. वीरेंद्रनंच उघडलं. पाचही रुपये जसे ठेवले होते तसेच. तोंड वर. मधातलाही. त्यानं तो अलगद उचलला, डोक्यावर धरून खालून पाह्यलं. खाली आकडाच होता. बाकीच्यायले बोट लावलं तं गार लागले. हा मात्र ऊन होता, कोणाच्या मुठीतून आत्ताच सुटल्यासारखा.

"मशीन बिघडली असन," बाबुलाल हळूच बोलला. "पुसून टाकू का हे?"

"राहू दे," वीरेंद्र म्हणाला. "माय, पाह्य ना."

तो मागं वळला. सत्यभामाबाई कम्प्युटरकडं पाहतच नव्हती. ती दाराकडं पाहत होती. दारात उन्हाशिवाय काही नव्हतं. बुढा वावरातून घरी आला का घ्यायची, तसा तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला, अन् बाकावर जरा सरकून बाजूले जागा केली.