हिरवा बावटा

हद्दीत घुसून चोरून मासळी ओढणाऱ्या बिनझेंड्याच्या परक्या जहाजांना अडवायला गेलेला नवरा तीन दिवस परतला नव्हता. तरीही नागूबाईंनी संध्याकाळच्या बातम्या चुकवल्या नाहीत. एका बलाढ्य देशाने चालवलेल्या मराठी वाहिनीवर त्यांची लेक शेवंती बातम्या वाचत असे. पडद्यावर चित्रे आणि मागे तिचा आवाज. साऱ्या कोळीवाड्याला तो त्यांनी अभिमानाने ऐकवला होता.

“आमच्या देशाच्या मासेमारी ताफ्यावर चालून आलेली चाच्यांची होडी बुडवण्यात आली,” शेवंती खणखणीत आवाजात सांगत होती.

“मेले चाचे एकदाचे!” शेजारीण म्हणाली.

नागूबाईंचा जाळे विणणारा हात मात्र थांबला. पडद्यावर लाटांत हेलकावणाऱ्या हिरव्या बावट्याला त्यांच्याच लग्नातल्या शालूचा जरीकाठ होता. नारळी पौर्णिमेला तो बावटा त्यांनीच शिवून नवऱ्याच्या होडीवर चढवला होता.

फोन वाजला. “आये, ऐकलंस? चित्रं आम्हाला दाखवत नाहीत, नुसता कागद देतात. कसं वाचलं मी? आणि बाबा आले का?”

नागूबाईंनी पदराने तोंड पुसले.

“वाचलंस झकास, बाय,” त्या म्हणाल्या. “आता आधी खाली बस.”