उतरलेला मध्यम

गळ्याला सूरपट्टी लावल्यापासून शिरीषराव अगदी सुरेल गात होते. तसे आता सगळेच सुरेल गात. पट्टी कुणाचाही सूर चुकूच देत नसे. त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई एकेकाळच्या गायनशिक्षिका. आता त्यांना माणसं ओळखू येत नसत. रोज नवऱ्याचा यमन ऐकून त्या परक्यासारखं विचारत, "छान गाता हो. कुणाकडचे तुम्ही?"

आज शिरीषरावांनी पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि थरथरत्या आवाजात तोच यमन धरला. दुसऱ्याच ओळीला मध्यम उतरला, लग्नापासून उतरायचा तसाच.

वैजयंतीबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

"अहो, मध्यम चढा लावा! किती वर्षं शिकवतेय मी तुम्हाला?"

शिरीषरावांनी डोळे पुसले आणि ती ओळ पुन्हा म्हटली. या वेळी मुद्दाम चुकवून.