तिसरं खातं

टक्. दुपारच्या शांततेत आवाज आला. केतकीने ओट्यापासून डोकावून पाहिलं, तर झोपलेल्या लेकीवर, चिऊवर, लक्ष ठेवणारा कॅमेरा केतकीकडे वळला होता. तो मोबाइलवरूनच फिरायचा; तिचा मोबाइल तिच्याच हातात, नवरा विमानात. मग कॅमेरा फिरवला कोणी? तिने धाकट्या भावाला फोन लावला.

"ताई, कॅमेऱ्याचा प्रोग्राम टाकताना एक तात्पुरतं खातं उघडतं. शेवटी ते पुसायचं असतं. बसवणाऱ्याने पुसलं ना?"

कॅमेरा बसवणारा म्हणाला होता, "वहिनी, पाचच मिनिटांचं काम राहिलंय." पण चिऊ जागी होईल म्हणून तिनेच त्याला घाईने वाटेला लावलं होतं.

यादीत तीन खाती निघाली: तिचं, नवऱ्याचं आणि बिनपासवर्डचं 'सेटअप'. त्या तिसऱ्यापुढे 'चालू' असं दिसत होतं; त्यातून या घडीलाही कुणीतरी बघत होतं.

"अगं, रडतेस काय? पूस आधी!"

तिने ते पुसलं, पासवर्ड बदलले आणि धावत जाऊन लेकीला कुशीत घेतलं. "झालं हं राणी. आता कुणी कुणी बघणार नाही."

चिऊने डोळे चोळले.

"आई, कॅमेऱ्यातले काका मला रोज हाक मारतात. त्यांना माझं नाव कुणी सांगितलं?"