चमकलं ते बाद

गार्थने जांभळा दिवा लावला आणि टेबलावरची खाकी झोळी निळी चमकली.

कुणीतरी हळूच शीळ घातली. भर दुपारी खिडक्यांवर घोंगड्या टांगून हॉलमध्ये अंधार केलेला होता. मंडळाची दहा-बारा माणसं रोवीनाला दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती.

"मर्विनने चाळीस वर्षं आपल्याला कापड ओळखायला शिकवलं," एक आवाज म्हणाला, "आणि स्वतःच्याच घरात हे!"

जुनं सुती कापड या दिव्याखाली काळंच राहतं. चमकतं ते अलीकडचं. पहिल्या महायुद्धातलं म्हणून आणलेलं नकली सामान ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोचं, जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्यांचं हे मंडळ असंच पकडत असे, आणि ही रीत घालून दिली होती रोवीनाच्या बाबांनीच, मर्विन चेनोवेथ यांनी. त्यांच्या अक्षरातला पुठ्ठा अजून भिंतीवर होता: चमकलं ते बाद. सबब ऐकू नये.

झोळी बाबांच्या आजोबांची होती. ते १९१६ साली फ्रान्समध्ये पोझिएरच्या लढाईवर गेले ते तिथेच राहिले. झोळी तेवढी परत आली. आज ती मंडळाच्या काचेच्या कपाटात ठेवायची ठरली होती. खाली दोन नावं लिहायची होती, ज्याने ती खांद्याला लावली त्याचं आणि ज्याने तिचा अभ्यास केला त्याचं. बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते.

"मी धुतली आहे ती," रोवीना म्हणाली.

अंधारात दोघं-तिघं हसले.

"सगळे हेच सांगतात, पोरी," गार्थ म्हणाला. मंडळाची सूत्रं आता त्याच्याकडे होती.

"धुण्याच्या पावडरीनेही कापड चमकतं. बाबांनीच लिहून ठेवलंय."

"ठेवलंय ना. पण कापडावर श्वास पडू नये म्हणून तोंडाला फडकं बांधणारा माणूस तो. त्याची मुलगी शंभर वर्षांची झोळी बादलीत बुचकळणार? कुणाला सांगतेस?"

"मीही धुतला होता." मागून, चहाच्या किटलीजवळून आवाज आला. म्हातारी ईनिड होती. "आमच्या मामाचा लष्करी कोट. ह्याच टेबलावर होता. तेव्हा तुझा बाप मला काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, कापड खोटं बोलत नाही, ईनिड, आता राहिलं कोण ते तूच सांग. अख्खा हॉल हसला होता."

आताही कुणीतरी हसलं.

"तू थांब गं, ईनिड," गार्थ म्हणाला. "हे बघ रोवीना, नुसती एक झोळी असती तर मी सोडून दिलं असतं. पण आजोबाच्या नावावर ज्याने असला माल सांभाळला, त्याच्या वह्यांवर विश्वास कसा ठेवायचा? एक्केचाळीस वह्या आहेत. संगिनी, पट्टे, पाण्याच्या बाटल्या, कुठल्या कारखान्याचा शिक्का कुठल्या साली बदलला, सगळं त्यांच्यावर उभं आहे. तेही सगळं बाद करायचं का? धुतली म्हणतेस, तर का धुतलीस ते सांग. मी नोंद करतो."

बाबा झोपेत गेले, असं तिने अंत्यविधीला सगळ्यांना सांगितलं होतं. शेजाऱ्यांनाही तेच. भावाला फोनवर तेच.

"ते झोपेत गेले नाहीत," ती म्हणाली. "शेडमध्ये पडले. एक बाजू गेली होती. फोन घरात राहिला होता. शुक्रवारी पडले आणि मी फोन करते रविवारी. उचलला नाही म्हणून मी गाडी काढून गेले, तोवर सगळं संपलं होतं."

"झोळी त्यांनी पोटाशी धरली होती. थंडीमुळे असेल. दोन दिवस, गार्थ. दोन दिवसांत पडलेल्या माणसाचं काय काय होतं ते तुला माहीत असेल. ते सगळं तिच्यावर होतं. मी त्यांना स्वच्छ केलं, मग ती धुतली. आणखी काही सांगायला हवं का?"

गार्थने दिवा बंद केला. कुणीतरी घोंगडी ओढून काढली आणि ऊन थेट टेबलावर आलं. झोळी फिकी पडली होती, एखाद्या जुन्या पोतेऱ्यासारखी. गार्थने ती उलटी केली. आतल्या शिवणींवरून बोट फिरवलं, शिक्क्याच्या जागी थांबला, मग नाकाशी धरली.

"म्हणजे खरी होती," तो म्हणाला.

"हो."

"ह्या शिवणीत पोझिएरची माती होती. मर्वने मला भिंगातून दाखवली होती. आत त्याच्या आजोबांचा लष्करी नंबर होता, पेन्सिलीने लिहिलेला." त्याने झोळी खाली ठेवली. "नकली निघाली असती तरी परवडलं असतं गं."

त्याचे डोळे भरून आले होते. पाच आठवड्यांत बाबांच्या कुठल्याही मित्राच्या डोळ्यांत रोवीनाला पाणी दिसलं नव्हतं. आता हा त्यांच्याविषयी काहीतरी बोलेल असं वाटून ती एक पाऊल पुढे झाली.

गार्थने चष्मा पुसला, नोंदवही पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"पाणी थंड होतं की गरम?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पेन टेकवून थांबला होता.

"कोमट," ती म्हणाली. "आजारी माणसाचं अंग पुसायला घेतात ना, तसं."

गार्थने 'कोमट' लिहिलं आणि पुढे पूर्णविराम दिला.