दुपारी तीननंतर

आपल्या चष्म्याच्या दुकानातलं काचा घासायचं काम तिने बाहेरच्या कारागिराकडे सोपवलं. 'तुमचा चष्मा तयार आहे' हा निरोप आता कॉम्प्युटर आपोआप धाडतो, घरची बिलं परस्पर भरली जातात, इस्त्रीचे कपडे लाँड्रीत जातात. दुपारी तीनला ती घरी असते.

"मजा आहे बाई तुझी, वहिनी," चहाला आलेली नणंद म्हणाली. "एवढा वेळ वाचवून करतेस तरी काय?"

"लेकीचं ऐकते."

"ते तर सगळ्याच ऐकतात. नाही ऐकलं तर पोरी घर डोक्यावर घेतात!"

तेवढ्यात नऊ वर्षांची लेक शाळेतून आली. दप्तरही न उतरवता म्हणाली, "आई, आज व... व... व..."

"वर्गात भांडण झालं?" नणंदेने पटकन विचारलं.

आईने नणंदेच्या हातावर हलकेच हात ठेवला. दोन वर्षं तिनेही हेच केलं होतं. कामाच्या धबडग्यात लेकीचं अडलेलं प्रत्येक वाक्य स्वतःच पुरं करून टाकलं होतं, आणि लेक हळूहळू बोलेनाशी झाली होती.

दोघी गप्प बसल्या. चहावर साय धरली.

"व... वर्गात मी धडा वाचला. सगळ्यांसमोर. अख्खा!"

नणंदेचे डोळे भरून आले. "अगं, कसं गं जमलं तुला?"

"बाई पुढच्या मुलीला उठवत होत्या, आत्या. मी म्हटलं, थ... थांबा ना, बाई. माझी आई थांबते."