दादरचं पाणी

समुद्रविज्ञान स्पर्धेसाठी उत्पलानं काढलेल्या नोट्सवर पुराणिक सर खूश होते. पहिल्याच पानावर त्यांनीच शिकवलेलं वाक्य होतं: जगातल्या सगळ्या समुद्रांचं पाणी एकच. पिशवीतून तिनं बाटली काढली. "समुद्राचं पाणी, सर." जबलपुरात समुद्र पाहून सर हरखले. बाटली तिरकी करून बोट ओलं केलं, जिभेला लावलं. "अच्छा, इतकं खारट? कुणी आणलं?" "आईनं. सहा डिसेंबरला दादरला गेली होती, चैत्यभूमीवर." सर नळाशी गेले. खळखळून चूळ भरली, पुन्हा भरली, साबणानं हात धुतले. "तिथं गर्दी असते न, बेटा. पाणी साफ नसतं. वही ठेव, टीमला लागेल. बाटली घेऊन जा." उत्पलाला त्या गुळण्यांची शिसारी आली. तिनं टेबलावरची वही उचलली. मग ओढणीच्या टोकानं बाटलीचं तोंड पुसलं; सरांचं बोट लागलं होतं, तिथं दोनदा.