डोळ्यांची आखणी

अंगावरून वारं गेल्यापासून आबांचं डावं अंग लुळं पडलं होतं आणि डावीकडचं जगही त्यांच्यापुरतं पुसलं गेलं होतं. ताटातला उजवीकडचा भात संपला की ते हात आवरत. मग कमलाबाई नवऱ्याचं ताट फिरवून ठेवी, तेव्हा उरलेला जेवत. बाकी दिवसभर झोप. डॉक्टरांनी तरतरीच्या गोळ्या दिल्या होत्या. रोज अर्धी, व्यायामापुरती. चतुर्थी परवावर आली तेव्हा लालबागच्या त्यांच्या कारखान्यात गणपती रंगून उभे होते, फक्त डोळे राहिले होते. डोळ्यांची आखणी करणारा धोंडू संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आत गेला होता. मुलाने, दत्तारामने, आबांच्या तोंडात तीन गोळ्या कोंबल्या आणि हातात कुंचला दिला. "अरे, त्यांना डावीकडचं कळत नाही," कमलाबाई म्हणाली. "उजवा हात चालतो ना? मग झालं." आबा खरंच जागे झाले. घामाने निथळत, पापणी न लवता, चाकांच्या फळीवर बसून पडद्यामागे दिवसभर एकेका मूर्तीपुढे सरकत राहिले. संध्याकाळी दत्तारामने पडदा सारला. रांगेतला प्रत्येक गणपती त्याच्याकडे एकाच डोळ्याने बघत होता. दुसऱ्या डोळ्याच्या जागी, डावीकडे, नुसता गुलाबी रंग. "झाले बघ सगळे," आबा अर्ध्या तोंडाने हसले. दत्तारामने बाटलीतून आणखी गोळ्या काढल्या आणि आईकडे वळला. "तू ताट फिरवतेस ना, तसंच करायचं. देवाला उलटं करता येत नाही, आबांना करू. आये, पाय धर."